काडीला पालवी आली, पण मूळ आलं का? सोलापूरच्या हवेत घरच्या घरी गुलाबाचं रोप

गुलाबाची काडी कुंडीत खोचली की आठ-दहा दिवसांत तिला तांबूस पालवी येते. सगळं घर येऊन बघून जातं, ‘लागली की ओ काडी!’ म्हणून शेजारीही सांगून होतं. पुढच्या पंधरवड्यात तीच पालवी मान टाकते, काडी वरून काळी पडत खाली येते आणि दोष मिळतो हाताला. ‘आमच्या हाताला गुलाब लागत नाही.’ हाताचा इथं काही संबंध नाही. ती काडी लागलेली नव्हतीच. पालवी येणं वेगळं आणि मूळ धरणं वेगळं. सोलापूरच्या उकाड्यात पहिलं फार लवकर होतं आणि दुसऱ्याला वेळ लागतो तो लागतोच.

काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. तो आधीच तयार असतो. ऊब आणि थोडा ओलावा मिळाला की फुगतो आणि काडीत साठलेल्या अन्नावर फुटतो. त्यासाठी मुळाची गरजच नसते. मूळ मात्र काडीत तयार नसतं, ते नव्यानं घडवावं लागतं. कापलेल्या टोकावर आधी पांढरट, खरबरीत गाठ येते. ही जखम भरून आल्याची खूण. शेंड्याकडच्या डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत ‘ऑक्सिन’ नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते सालीच्या बाजूनं खाली उतरतं. खालच्या टोकाशी ते साचलं की तिथल्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून मूळ घडवायला लागतात. गुलाबात या सगळ्याला साधारण तीन ते सहा आठवडे जातात. तोवर काडीची कमाई शून्य. लूम बंद पडल्यावर शिलकीवर घर चालवावं तशी ती चालते, आणि पालवी हा त्या शिलकीतला सगळ्यात मोठा खर्च.

अन्न एकवेळ पुरतं. पाणी पुरत नाही. पानं हवेत पाणी सोडत राहतात आणि ते भरून काढायला मूळ नाही. कोकणात हवाच इतकी दमट की काडी कुठंही खोचली तरी तग धरते. आपण पर्जन्यछायेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरची चादर तासाभरात खडखडीत वाळते. त्या हवेत पान आणि मूळ यांच्या शर्यतीचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागतो. म्हणून इथं गुलाबाची काडी लावताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: यानं काडीतलं पाणी टिकेल की उडेल? पावडर कोणती, खत कोणतं, हे प्रश्न त्यानंतरचे.

कधी

दिवाळी ते जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो, रात्री गार होतात, दिवस उबदार राहतात. गार हवेत वरचे डोळे सुस्तावतात आणि कुंडीतलं माध्यम, म्हणजे मातीऐवजी भरलेलं मिश्रण, दिवसा पुरेसं तापतं. मुळांना २० ते २५ अंश मानवतात. म्हणजे वरचं काम हळू आणि खालचं जोरात, आपल्याला हवं तसंच. जत्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी लावलेली काडी मूळ धरेलही, पण त्या कोवळ्या मुळाला लगेच मार्च गाठतो. चौदा फेब्रुवारीला मिळालेला गुलाब वाळल्यावर त्याचा दांडा कुंडीत लावायची हौस अनेकांना असते. तो दांडा बहुतेकदा हरितगृहातला, शीतगृहात राहून आलेला, कळी असतानाच कापलेला. त्याच्यातली शिल्लक फुलावरच खर्च झालेली असते. त्यात ऋतू उलटा. आठवण म्हणून लावा, रोपाची आशा धरू नका.

पावसाळ्यातही काड्या लागतात, पण आपल्याकडे जून-जुलै बऱ्याचदा नुसता वाऱ्याचा जातो आणि खरा पाऊस सप्टेंबरात येतो. त्या दिवसांसाठी दुसरी पद्धत जास्त चांगली. तिच्याकडे पुढं येतो.

कोणती काडी

ज्या फांदीवरचं फूल नुकतंच गळून गेलं आहे ती. कळी असलेली फांदी फार कोवळी, तिचं सगळं लक्ष फुलाकडे. दोन वर्षांची जुनी राखाडी फांदी फार निबर, तिच्या पेशी नवं काही करायला तयार नसतात. मधली ओळखायची जुनी युक्ती म्हणजे काटा. अंगठ्यानं आडवा दाबल्यावर काटा कटकन मोडून स्वच्छ सुटला तर फांदी योग्य पक्व आहे. काटा लवला किंवा सोबत साल सोलून आली तर अजून कोवळी.

जाडी पेन्सिलीएवढी, लांबी वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर, चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर. असं केलं की वरखाली गोंधळ होत नाही. तो गोंधळ झाला तर काम संपलंच, कारण ऑक्सिन उतरतं ते काडीच्या मूळच्या खालच्या टोकाकडे. उलटी खोचली म्हणून ते दिशा बदलत नाही. सकाळी, झाडाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं असताना काड्या घ्या. दुपारी दोनला कापलेली काडी निम्मी तहानलेलीच हातात येते.

पानांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण सगळी पानं काढतात, काही सगळी ठेवतात. पान काढलं तर पाणी वाचतं, पण पानच अन्न आणि ऑक्सिन देतं. वरची दोन पानं ठेवावीत आणि प्रत्येकाच्या टोकाकडच्या पत्रिका (एका पानातली छोटी पानं) कात्रीनं उडवून पान निम्मं करावं. खालची पानं पूर्ण काढायची, नाहीतर ती ओल्यात कुजतात आणि बुरशीला बोलावणं जातं.

सगळेच गुलाब सारखे नसतात, हेही आधी कळलेलं बरं. अंगणातला गावठी सुवासिक गुलाब, बटण गुलाब, वेलगुलाब हे काडीवर सहज येतात. मोठ्या फुलांच्या संकरित जाती नखरे करतात, त्यातही पिवळ्या फार. पहिल्यांदाच लावत असाल तर गावठीची काडी मागून आणा. महागाच्या कलमावर हात बसवायला जाऊ नका.

माती नको

आपली काळी माती कापसा-ज्वारीला कितीही चांगली असली तरी काडीसाठी वाईट. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. मूळ घडवताना पेशींना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी जाड वाळू, किंवा वाळूऐवजी पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे). कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं, त्यात बऱ्याचदा क्षार असतात. हल्ली बांधकामावरची क्रशसँड सगळीकडे मिळते, पण तिच्यात बारीक भुकटी फार असते. चाळून, धुऊन घेतली तरच उपयोग. माध्यम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात तसा ओलावा.

खत अजिबात नको. शेणखत, गांडूळखत, चहाचा चोथा, काहीच नको. खायला मूळच नाही, आणि खतातले क्षार व बुरशी मात्र उघड्या जखमेवर जातात.

पाण्याचं बोलायलाच हवं. नळ रोज येत नाही म्हणून कुंड्यांना बोअरचं पाणी घालायची सवय आपल्याला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. बादलीला आणि नळाला बसलेला पांढरा थर बघितला की कळतं. मोठ्या झाडाला ते चालून जातं, काडीला त्रास देतं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. एसीच्या नळीतून थेंबथेंब पडणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, तेही चालतं. कूलरच्या टाकीतलं पाणी नको: त्यातलं पाणी उडून जातं, क्षार मागं राहून घट्ट होत जातात. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणीही त्याच कारणानं नको. ‘वाया जातंय म्हणून झाडांना’ घालणाऱ्यांनी निदान काड्यांना वगळावं.

पावडर, मध, कोरफड, बटाटा

बाजारात मुळं फुटण्यासाठी जी पावडर मिळते तिच्यात आयबीए असतं, म्हणजे काडी स्वतः बनवते त्याच ऑक्सिनचा कारखान्यात केलेला भाऊबंद. गुलाबाच्या पक्व काडीला साधारण १००० ते २००० पीपीएमची मात्रा वापरतात. खालचं टोक ओलं करून पावडरीत टेकवायचं, जादा झटकून टाकायची. जास्त लावली तर जास्त मुळं येत नाहीत, उलट टोक काळं पडतं. आधी दुसऱ्या एखाद्या काटकीनं माध्यमात भोक पाडून घ्यावं, मग काडी ठेवून बाजूनं दाबावं. थेट खोचली की पावडर वरच पुसली जाते.

मध आणि दालचिनी बुरशीला थोडा आळा घालतात, मुळं फुटवत नाहीत. कोरफडीचं फार कौतुक होतं, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. बटाट्यात काडी खोचण्याचा जो प्रकार मोबाइलवर फिरतो तो मात्र सरळ निकालात काढावा. बटाटा कुजतो आणि काडीलाही कुजवतो, नाहीतर गुलाबाऐवजी बटाट्याचंच रोप येतं.

पावडर मिळाली नाही तरी गावठी काडी लागते. झाकण मिळालं नाही तर पावडर लावलेलीही लागत नाही. माझा जोर झाकणावर आहे. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीचं बूड कापून ती टोपण वर ठेवून काडीवर झाकायची, किंवा कुंडीलाच पारदर्शक पिशवी बांधायची. आत वाफ धरते, पानाचं पाणी उडणं जवळजवळ थांबतं. पण झाकलेली कुंडी उन्हात ठेवली तर आतलं तापमान इतकं चढतं की काडी अक्षरशः शिजते. म्हणून जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही: उत्तरेची खिडकी, जिन्याखालचा उजेडाचा कोपरा, गच्चीवर असेल तर जाळीच्या सावलीत आणि पत्र्यापासून लांब. दोन-तीन दिवसांनी बाटलीचं टोपण थोडा वेळ उघडून हवा बदलायची.

आणि काडी उपटून बघायची नाही. हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. त्यावर उपाय म्हणजे कुंडीऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास: खाली भोकं पाडायची, बाहेरून काळा कागद गुंडाळायचा, आठवड्यातून एकदा कागद काढून बघायचं. पांढरी मुळं कडेला दिसली की काडी लागली. त्याआधी कितीही पालवी आली तरी नाही.

गुटी: आपल्या जिल्ह्याला माहीत असलेली वाट

आता ती दुसरी पद्धत: गुटी, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फुटवणं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडं ज्यांचं कुणी शेतात आहे त्यांना गुटी सांगायला नको. डाळिंबाच्या भगव्या जातीची रोपं वर्षानुवर्षं गुटीवरच झाली, कारण बियांपासून आईसारखंच झाड येत नाही. गुलाबालाही ते जमतं, आणि सोलापूरच्या हवेसाठी मी काडीपेक्षा गुटीलाच आधी मत देईन. कारण वर सांगितलेली शर्यतच इथं होत नाही. फांदी झाडावरच असते, तिला खालून पाणी मिळत राहतं आणि वर मूळ घडत राहतं.

फांदीच्या आत दोन वाटा आहेत. मधल्या लाकडातून पाणी वर चढतं. बाहेरच्या सालीतून पानांत झालेलं अन्न आणि ऑक्सिन खाली उतरतं. आपण सालीचं दोन-अडीच सेंटीमीटरचं कडं काढतो तेव्हा फक्त खाली उतरणारी वाट बंद होते. वरचं अन्न आणि ऑक्सिन कड्याच्या वरच्या काठाशी येऊन अडतं. तिथं ओलावा आणि अंधार मिळाला की मूळ तिथंच फुटतं. म्हणून पावडर लावायची ती वरच्या काठाला. मुळं खालच्या काठाला येत नाहीत.

पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी फांदी घ्या. शेंड्यापासून हातभर खाली काटे आणि पानं काढून जागा मोकळी करा. काटे राहिले तर प्लास्टिकला भोकं पडतात. धारदार ब्लेडनं दोन गोल काप घ्या, मधली साल सोला. आतलं लाकूड ओलसर, बुळबुळीत लागतं. तो थर ब्लेडच्या पाठीनं खरवडून काढा, कारण तो राहिला तर झाड पुन्हा साल जोडून टाकतं. पुष्कळ गुट्या इथंच फसतात. मग वरच्या काठाला आयबीए, भोवती भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ), त्यावर पारदर्शक प्लास्टिक, आणि दोन्ही टोकांना सुतळी. वरची गाठ जास्त घट्ट, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. ऊन लागत असेल तर बाहेरून जाड कापडाची किंवा अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा.

गणपतीच्या आसपास बांधलेली गुटी दिवाळीच्या सुमाराला उतरते. त्या दिवसांत झाड जोमात असतं, साल सहज सुटते आणि परतीच्या पावसानं हवाही दमट असते. मॉस सुकल्यासारखं फिकट दिसलं तर इंजेक्शनच्या सिरिंजनं थोडं पाणी सोडा. मुळं पांढरी दिसायला लागली म्हणून लगेच कापू नका. ती वाढून थोडी तपकिरी होऊ द्या. मग गाठीच्या खाली कापा, प्लास्टिक काढा, मॉस तसंच ठेवून कुंडीत लावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. वरचा पाला निम्म्यानं कमी करा, कारण एवढ्याशा मुळाला एवढी मोठी फांदी पोसवत नाही.

वेलगुलाब असेल तर याहून सोपं आहे. लांब फांदी वाकवून, तिची थोडी साल काढून, तो भाग शेजारच्या कुंडीत गाडून वर दगड ठेवायचा. याला दाब कलम म्हणतात.

डोळा भरणं

नर्सरीतला गुलाब बहुतेक डोळा भरलेला असतो: खाली रानटी गुलाबाचा खुंट, वर हव्या त्या जातीचा एकच डोळा. एका काडीवरच्या चार-पाच डोळ्यांतून तितकी झाडं होतात, आणि दणकट खुंट अवघड जमिनीतही नाजूक जातीला पोसतो. घरी करता येतं, पण हाताला सराव लागतो. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीच्या आकाराचा काप, त्यात ढालीसारखा कापलेला डोळा सरकवायचा, प्लास्टिकच्या पट्टीनं डोळा उघडा ठेवून बांधायचं. पानाचा देठ तसाच ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांनी तो देठ बोट लावताच गळून पडला तर डोळा जगला. सुकून चिकटून बसला तर गेला.

डोळा ज्या झाडाचा घ्याल त्याची पानं आधी नीट बघा. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा किंवा नक्षी असेल तर तो मोझॅक हा विषाणूजन्य रोग असू शकतो. तो कलमातून नव्या झाडात जातो आणि त्यावर औषध नाही.

बियांचं एका वाक्यात: गुलाबाच्या बोंडातल्या बियांना उगवण्याआधी काही आठवडे फ्रिजमधली थंडी लागते आणि येणारं झाड आईसारखं असेलच असं नाही, म्हणून तो नवी जात काढणाऱ्यांचा खेळ आहे.

मूळ धरल्यावर

बाटली एकदम काढू नका. आधी टोपण, मग रोज तासभर बाटली बाजूला, असं करत आठ-दहा दिवसांत रोप उघड्या हवेला सरावतं. मग पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घेऊन मोठ्या कुंडीत हलवा. पहिली कळी खुडून टाका. जिवावर येतं, पण त्या वेळी मुळं वाढणं फुलापेक्षा मोलाचं आहे.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर बहुधा लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस मिळतं, पुडीवरच्या मात्रेप्रमाणं तेच द्या. नुसतं शेणखत वाढवून हा पिवळेपणा जात नाही.

पहिला उन्हाळा हीच खरी परीक्षा. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या स्लॅबवर ठेवू नका, मुळं भाजतात. मातीची कुंडी, खाली विटा, वर पन्नास टक्के सावलीची जाळी आणि मातीवर उसाचं पाचट, जे आपल्याकडं मागितलं तर फुकट मिळतं. पाणी सकाळी लवकर.

एवढं करूनही मे महिन्यात वरचं सगळं वाळलं तर कुंडी लगेच रिकामी करू नका. बुडाशी ओल ठेवा आणि पावसाळा लागेपर्यंत थांबा. काडीचं किंवा गुटीचं रोप असेल आणि बुडातून फूट आली, तर ती त्याच गुलाबाची असते, कारण मूळही त्याचंच. नर्सरीतल्या कलमाला मात्र सांध्याच्या खालून आलेली फूट खुंटाची, म्हणजे रानटी. लोक ती पानावरच्या सात पत्रिकांवरून ओळखतात, पण काही चांगल्या जातींनाही सात असतात. त्यापेक्षा माती बाजूला सारून फूट सांध्याच्या वरून आली की खालून ते बघा, आणि खालून असेल तर कापू नका, मुळाशी धरून ओढून काढा. कापली तर तिथूनच पुन्हा येते.